'झुबेदा'चे वाचन आणि आमची तालीम

मराठीत नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतात. आमच्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. शब्द एकच, अरबीतून आलेला. पैलवान ज्या आखाड्यात घाम गाळतात त्यालाही महाराष्ट्रात तालीमच म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. घरात दखनी, वर्गात किताबी उर्दू आणि बाजारात, कचेरीत मराठी अशी आमची रोजची फेरी असते. त्यामुळे एका शब्दाचे हे तीन अर्थ आम्हाला कधी परके वाटले नाहीत. पण ते तिन्ही एका जागी भेटलेले आम्ही पाहिले, ते एका नव्या नाटकाच्या वाचनाच्या निमित्ताने.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका शिक्षकाने नाटक लिहिले. सातवीपर्यंतची उर्दू शाळा गावात आहे, पुढची नाही. त्यामुळे शाळा सुटलेल्या मुलीची ती गोष्ट. ते रंगमंचावर आणण्याइतका पैसा आमच्याकडे नव्हता, जागा नव्हती आणि खरे सांगायचे तर धाडसही नव्हते. म्हणून ठरले की आधी वाचून दाखवू. दिग्दर्शन आम्ही तिघांनी मिळून करायचे. पण वाचनाचे दिग्दर्शन म्हणजे नेमके काय? बी.एड.ला पाठ घ्यायला शिकवले होते, हे नव्हते शिकवले. तेव्हा आम्ही जुन्या पुस्तकांकडे वळलो, आणि पहिली भेट झाली ती १९४४ सालच्या मुंबईतल्या एका संध्याकाळीशी.

त्या वेळचा काळ आधी लक्षात घ्यायला हवा. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, असा अंदाज आहे. त्याच वर्षी २५ मे रोजी मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे 'इप्टा', स्थापन झाली. नाटक हे शेठ लोकांच्या तिजोरीचे साधन न राहता लोकांच्या दुःखाचे साधन व्हावे, ही तिची भूमिका होती. बंगालमध्ये बिजन भट्टाचार्य यांचे 'नबान्न' १९४४ साली दुष्काळावरच उभे राहिले. मुंबईच्या इप्टाला हिंदुस्तानी भाषेतले नवे नाटक हवे होते, आणि ते लिहिले ख्वाजा अहमद अब्बास यांनी.

अब्बास पानिपतचे, मौलाना हालींच्या घराण्यातले. अलीगढला शिकले आणि मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये पत्रकार झाले. स्त्रियांच्या शिक्षणासाठी लेखणी झिजवणाऱ्या हालींचा वारसा त्यांच्या घरातच होता. त्यांनी नाटक लिहिले 'झुबेदा'. पडद्यात वाढलेली एक मुस्लिम मुलगी साथीच्या रोगात लोकांच्या सेवेसाठी घराबाहेर पडते आणि त्यातच तिचा अंत होतो, अशी त्याची कथा.

हे नाटक अब्बास यांनी आधी वाचून दाखवले. जागा होती ऑपेरा हाउसजवळचे प्रा. बी. आर. देवधर यांचे संगीत विद्यालय. एका मराठी गायन-मास्तरांच्या शाळेच्या हॉलमध्ये उर्दू-हिंदुस्तानी नाटकाचे वाचन व्हावे, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईत कोणाला विशेष वाटली नसेल. आज आम्हाला मात्र ती थांबून पाहाविशी वाटते. ऐकायला जमलेल्या तरुण मुलामुलींत बलराज साहनी होते. युद्धकाळात बीबीसीच्या हिंदुस्तानी विभागात काम करून ते नुकतेच लंडनहून परतले होते. वाचन संपले आणि अब्बास यांनी तिथेच जाहीर करून टाकले की हे नाटक बलराज साहनी बसवतील. साहनींना याची कल्पनाही नव्हती! आपल्या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग मोठ्या आपुलकीने सांगितला आहे. आयुष्याला वळण देणारी संध्याकाळ म्हणून ते तिच्याकडे पाहत. पुढे चित्रपटांत नाव झाले तरी स्वतःला इप्टाचा कलावंत म्हणवून घेण्यात त्यांना अभिमान वाटत राहिला.

शिक्षक म्हणून आम्हाला एक गोष्ट फार जवळची वाटली. साहनी लंडनला जाण्यापूर्वी शांतिनिकेतनात हिंदी शिकवत होते आणि सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या कामातही राहिले होते. म्हणजे 'झुबेदा'च्या तालमी घेणारा माणूस आधी तालीमच्याच कामातला होता.

पुढे 'झुबेदा'चा प्रयोग गाजला. त्यात अज्रा होती, चेतन आनंद आणि देव आनंद हे भाऊ होते. लग्नाची वरात खऱ्या घोड्यासह प्रेक्षकांमधून नेली गेली, ही आठवण त्या पिढीने पुष्कळ वर्षे सांगितली. अज्रा म्हणजे जोहरा सेहगल यांची धाकटी बहीण. रामपूरच्या पठाण घराण्यातली ही मुलगी पुढे पृथ्वी थिएटर्सची प्रमुख अभिनेत्री झाली. नंतर ती पाकिस्तानात गेली, आणि १९९३ साली 'एक थी नानी' या नाटकात दोन्ही बहिणी पुन्हा एका रंगमंचावर आल्या.

पण आमचे मन रेंगाळते ते घोड्यापाशी नाही, वाचनापाशी. त्या संध्याकाळी घोडा नव्हता, वेश नव्हता, दिवे नव्हते. कागद होते आणि एक आवाज होता. तेवढ्यावर एका मुस्लिम घराचे दार उघडले गेले.

वाचून दाखवणे ही गोष्ट तशी आपल्याला नवी नाही. लखनौच्या मजलिशीत मर्सिया दोन तऱ्हांनी म्हटला जाई. एक सोजख्वानी, सुरावर. दुसरी तहतुल्लफ्ज, म्हणजे गाण्याशिवाय केवळ वाणीने. मीर अनीस (मृत्यू १८७४) या दुसऱ्या रीतीचे उस्ताद. मिंबरवर बसायचे, हातात कागद, आवाजाचा चढउतार, भुवईची किंवा हाताची हलकीशी हालचाल. तेवढ्याने करबलाचे रणांगण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहायचे. आजच्या भाषेत त्याला अभिवाचनच म्हणावे लागेल. दिल्लीच्या दास्तानगोंचीही तीच कला. १९२८ साली मीर बाकर अली गेले आणि ती जवळजवळ संपली. २००५ साली शम्सुर्रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी तिला पुन्हा जीव दिला.

पारशी रंगभूमीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे नाटक लिहिणारा मुन्शी कंपनीचा नोकर असे. आगा हश्र काश्मीरींसारखे मुन्शी एवढे मोठे झाले की त्यांच्या नावावर तिकिटे खपू लागली, पण नाटक कसे असावे हे बहुधा मालकाचा गल्लाच ठरवी. प्रतिस्पर्धी कंपनी चोरून नेईल या भीतीने संहिता कुलपात राहत. तिथेही नवे नाटक आधी ऐकले जात असणारच, पण ते पसंतीसाठी. घ्यायचे की नाही, गाणी वाढवायची की विनोद, एवढ्यापुरते. लाहोरचे इम्तियाज अली ताज यांनी १९२२च्या सुमारास 'अनारकली' लिहिले. कंपन्यांना त्यात फेरफार हवे होते. ताज यांनी ते मान्य केले नाहीत. नाटक रंगमंचावाचून राहिले, पण वाचकांनी ते उचलून धरले आणि उर्दूतले सर्वांत जास्त वाचले गेलेले नाटक म्हणून त्याचे नाव झाले. रंगमंच मिळाला नाही म्हणजे नाटक मेले असे होत नाही, हा 'अनारकली'चा धडा आहे.

तिसरी वाट रेडिओची. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओत मंटो, कृष्ण चंदर आणि उपेंद्रनाथ अश्क अशी मंडळी होती. एकट्या मंटोने तिथल्या थोड्या काळात शंभराच्या वर रेडिओ-नाटके लिहिली असे सांगतात. रेडिओचा नट पाठ करीत नाही. कागद हातात धरून वाचतो, आणि वाचतोय हे कळू देत नाही. साहनीही रेडिओतूनच आलेले. म्हणून वाचनातले नाटक त्यांच्या कानाला सवयीचे असणार, असे आम्हाला वाटते.

मजलिस, मुन्शी आणि रेडिओ या तिन्हींच्या पुढे इप्टाने एक पाऊल टाकले. इथे ऐकणारा ग्राहक नव्हता, मालकही नव्हता. जो ऐकत होता तोच उद्या नट होणार, पडदा ओढणार, तिकिटे विकणार होता. नाटक अजून कच्चे आहे, तेव्हाच ते सगळ्यांच्या मालकीचे झाले. मराठीतही त्याच वर्षी हेच वारे वाहत होते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख आमच्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. उर्दू नाटक करणारे अब्बास आणि मराठीत पहाडी आवाज लावणारे अमर शेख एकाच चळवळीच्या अंगणात होते. आमच्या मुलांना दोघांपैकी एकाचेच नाव शिकवावे असे जर कोणी म्हणेल, तर ते आम्हाला मान्य नाही.

अशा कामाला सरकारचा डोळाही लागतोच. १८७६ साली इंग्रजांनी नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा केला तो 'नीलदर्पण'सारख्या नाटकांच्या धास्तीने. इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५३ साली लखनौच्या इप्टाने प्रेमचंदांच्या 'ईदगाह' कथेचे नाटक केले. रूपांतर रजिया सज्जाद जहीर यांचे आणि दिग्दर्शन अमृतलाल नागर यांचे. दिलेली परवानगी काढून घेण्यात आली, तरी प्रयोग झाला, म्हणून खटला भरला गेला. 'ईदगाह'! आमच्या वर्गातली मुले दरवर्षी जी कथा वाचतात, आजीच्या हाताला चटके बसू नयेत म्हणून मेळ्यातून चिमटा आणणाऱ्या हमीदची, तिच्यावर खटला. १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या कायद्यातली तरतूद घटनेशी विसंगत ठरवली. कायदा मात्र पुस्तकातून पुसला गेला तो थेट २०१८च्या सुरुवातीला. हमीदचा चिमटा बंदुकीपेक्षा भारी ठरला असे वर्गात आम्ही गमतीने सांगतो, पण ती नुसती गंमत नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही आमच्या नाटकाकडे आलो.

पहिली अडचण ठरलेलीच होती. एका मुलीचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "सर, आमची पोरगी नाटकात उभी राहणार नाही." आम्ही म्हणालो, "चाचा, उभी राहणार नाही. वर्गात धडा वाचते तशी खुर्चीवर बसून वाचेल." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाचायला काय हरकत आहे?" 'वाच' हा तर आपल्या दीनचा पहिला हुकूम. त्या एका शब्दाने जे दार उघडले ते आमच्या भाषणांनी उघडले नसते. वाचन ही नाटकाची गरिबांची आवृत्ती आहे असे आम्ही तोवर समजत होतो. तसे ते नाही. ज्यांना रंगमंचावर जागा नाही त्यांना आत यायचे ते दार आहे.

मग काम सुरू झाले. सहा खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या. रंगसूचना वाचायला एक वेगळा मुलगा ठेवला, नाहीतर ऐकणाऱ्याला कोण आले, कोण गेले कळत नाही. त्याला बजावले की तू पात्र नाहीस, खिडकी आहेस. रजिस्टरच्या कागदावर संहिता उतरवली, प्रत्येकाचे संवाद निळ्या शाईने आणि थांबायच्या जागा लाल शाईने. वाक्य पानाच्या शेवटी तुटले तर भावनाही तिथेच तुटते आणि वर पान उलटल्याचा आवाज येतो, म्हणून कित्येक पाने पुन्हा लिहिली. कागदाकडे किती पाहायचे आणि समोर किती, हे शिकवायला सर्वांत जास्त वेळ गेला. ओळीचा शेवट डोळ्यांत धरायचा, मान वर करायची आणि मग बोलायचे. अनीस मिंबरवर हेच करत असतील असे आम्ही मुलांना सांगितले.

दुसरी अडचण भाषेची. लेखकाने नाटक स्वच्छ किताबी उर्दूत लिहिले होते. मुलीचे वाक्य होते, "मुझे पढने दीजिए." आईचे काम वाचायला आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई तयार झाल्या. त्यांना अक्षरे जेमतेम येत, म्हणून त्यांनी संवाद ऐकून पाठ केले. पहिल्याच तालमीत त्या हसून म्हणाल्या, "सर, अपनी पोट्टी ऐसा बोलती क्या? मेरेकू पढने देव, बोलेंगी." लेखक आधी नाराज झाला. मग त्याने पेन काढले. घरातल्या प्रसंगांची भाषा दखनी झाली, आणि बापाने तहसील कचेरीत बोलायचे ते मराठी झाले. नाटक अचानक आमच्या गल्लीतले वाटू लागले.

तिसरी अडचण आली ती वाचनाच्या दिवशी. रविवारी, जोहरच्या नमाजनंतर, वर्गातली बाके बाहेर काढून दऱ्या अंथरल्या. अम्मी, खाला, दाद्या आल्या. थोडे बाप दारापाशी उभे राहिले. वाचन दीड तासिकेचे, म्हणजे सुमारे पन्नास मिनिटांचे झाले. नाटकाच्या शेवटी शाळा सुटलेली मुलगी लग्नानंतर बाळंतपणात मरते, आणि बाप तिचे जुने दप्तर छातीशी धरून रडतो. पुष्कळ बायकांनी डोळे पुसले. आम्हाला वाटले, जिंकलो.

मग आम्ही विचारले, कोणाला काही म्हणायचे आहे का? सातवीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, किताबांतल्या मुली शेवटी मरतातच का?"

खोलीत शांतता झाली. कारण आम्हा तिघांना एकाच वेळी 'झुबेदा' आठवली. अनारकली आठवली, जिला कथेत भिंतीत चिणले जाते. सुधारणेची कळकळ असणाऱ्या आमच्या लेखकांनी मुलीला उंबऱ्याबाहेर काढले खरे, पण तिला जिवंत परत आणले नाही. जणू तिचे बाहेर पडणे लोकांनी माफ करावे म्हणून तिचा जीव जामीन ठेवावा लागत होता. अब्बास यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या काळात साथीने आणि उपासमारीने माणसे खरोखर मरत होती, आणि ते मरण लपवणे हेच खोटे ठरले असते. पण आमच्या गावातली मुलगी सातवीनंतर मरत नाही. ती जगते. भाकऱ्या थापते, विड्या वळते, धाकट्या भावाचा गृहपाठ गुपचूप वाचते. तिचे दुःख मरणाचे नाही, जगण्याचे आहे. तिला मारून आम्ही ऐकणाऱ्यांना रडायची सोय करून दिली होती आणि उत्तर देण्यातून सोडवले होते. रडून झाले की माणूस मोकळा होतो, घरी जातो.

त्या दिवशी दोन तास चर्चा झाली. एक दादी म्हणाल्या की मरण काढू नका, त्याशिवाय बापांना अक्कल येत नाही. दारापाशी उभ्या असलेल्या एका बापाने विचारले, तालुक्यात आठवीला घालायचे तर एस.टी. संध्याकाळी किती वाजता परत येते ते नाटकात का नाही? प्रश्न रोकडा होता. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी म्हणजे प्रत्येक वेळी जुनाटपणाच असतो असे नाही, हे आम्हालाही शिकावे लागले. लेखकाने सगळे टिपून घेतले.

पंधरा दिवसांनी नवा शेवट आला. मुलगी थांब्यावर दप्तर घेऊन उभी आहे. एस.टी.ला उशीर झाला आहे. बाप थोड्या अंतरावर उभा आहे. तो तिला घरी न्यायला आला आहे की गाडीत बसवायला, हे त्याचे त्यालाच अजून कळलेले नाही. रंगसूचना वाचणारा मुलगा म्हणतो, "गाडीचा आवाज येतो." नाटक संपते. दुसऱ्या वाचनाला कोणी रडले नाही. पण लोक घरी जायला उठले नाहीत.

या वाचनामुळे गावातल्या अमुक मुली पुढे शिकल्या असा दावा आम्ही करणार नाही. शाळा सुटण्याची कारणे नाटकापेक्षा मोठी आहेत. गाडी, पैसा, भीती, आणि आठवीचा वर्ग मंजूर करण्याचा कागद. तो कागद मागणारा अर्ज मात्र त्या दुसऱ्या वाचनानंतर त्याच दरीवर बसून लिहिला गेला आणि खाली त्या बापाची सही पहिली आहे.

देवधरांच्या हॉलमध्ये अब्बास यांनी कागद संपवून ते दुसऱ्याच्या हाती दिले, ही त्या संध्याकाळची खरी गोष्ट आहे असे आता आम्हाला वाटते. लेखकाने आपले नाटक हातातून सोडले. वाचनाच्या दिग्दर्शकाने यापेक्षा वेगळे काही करायचे नसते. आवाज नीट लागतील, थांबायच्या जागी थांबले जाईल एवढे पाहायचे, आणि वाचून संपल्यावर गप्प राहायचे, म्हणजे दरीवर बसलेली एखादी मुलगी उठून विचारू शकेल.

आपल्या समाजात नाटक नाही, अशी तक्रार आम्ही पुष्कळ सभांत ऐकतो. नाट्यगृह नसेल. पण वर्ग आहेत, दऱ्या आहेत, रविवारची दुपार आहे. नवे काही लिहिले असेल तर छापण्याआधी, बसवण्याआधी चार माणसांत वाचा. चारांत दोन बायका असू द्या आणि एक सातवीतली मुलगी. तालीम तिथूनच सुरू होते, मराठीतलीही आणि उर्दूतलीही.